यकृताच्या कर्करोगाचा धोका रक्त तपासून आधीच कळतो का?

मृण्मयी_क

मंडळी, प्रश्न घरातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा मोठा भाऊ ५२ वर्षांचा, कराडला असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या शिबिरात त्याने रक्तदान केलं आणि नंतर रक्तपेढीतून बोलावणं आलं: हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्ही नुसते कॅरिअर आहात, काही करायची गरज नाही, फक्त दारू टाळा." तो कधी पीत नव्हताच. विषय तिथेच मिटला.

आता त्याच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत 'कॅन्सर मार्कर' असा एक भाग होता. त्यात एएफपी १४ आली आहे, छापील मर्यादा १० पर्यंतची. बाकी एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ४० हजार, बिलिरुबिन व्यवस्थित. आईला अजून सांगितलेलं नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. १४ म्हणजे कर्करोग आहे का? आणि नसेल, तर पुढे होईल की नाही हे सांगणारी काही रक्तचाचणी आहे का? भावाला तज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर नीट प्रश्न तयार ठेवायचे आहेत.

पिंपळपार

ताई, आधी घाबरू नका. १४ ही काही मोठी संख्या नाही. इथे जाणकार आहेत, येतीलच.

सुमेधा_ठाणे

एएफपी म्हणजे गरोदरपणात करतात तीच ना? माझ्या चौथ्या-पाचव्या महिन्यात केली होती, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी. तिचा यकृताशी काय संबंध?

काचपट्टी

सुमेधा, तीच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन गर्भातल्या बाळाचं यकृत तयार करतं. जन्मानंतर वर्षभरात ते रक्तातून जवळजवळ नाहीसं होतं. १९६३ साली मॉस्कोमध्ये गॅरी अबेलेव आणि सहकाऱ्यांना ते यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात सापडलं, आणि पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी ते माणसाच्या यकृत-कर्करोगातही दाखवलं. म्हणजे ही चाचणी साठ वर्षं जुनी आहे.

पण एएफपी फक्त कर्करोगात वाढते असं नाही. यकृताच्या पेशी मरत असतात आणि नव्या घाईने तयार होत असतात, तेव्हाही ती थोडी वर जाते. मृण्मयी, भावाची एसजीपीटी ६४ आहे, म्हणजे यकृताला सूज आहे. १४ चं कारण तेही असू शकतं. वृषणाच्या काही गाठींमध्येही एएफपी वाढते. त्यामुळे एकट्या आकड्यावरून कुणीही निदान करत नाही, आणि आमच्या रिपोर्टवर जाड अक्षरात आकडा आला म्हणजे रोग ठरला असंही नाही.

तर्कट

माझं मत थोडं कडक आहे. ही 'कॅन्सर मार्कर' पॅकेजं धडधाकट माणसांना विकणं बंद व्हायला हवं. पॉझिटिव्ह आली की माणूस हादरतो, सीटी, एमआरआय, पैसे, रात्रीची झोप. निगेटिव्ह आली की खोटा दिलासा. चीनमध्ये चीतोंग भागात हिपॅटायटिस बी असलेल्या साडेपाच हजारांवर पुरुषांवर प्रयोग झाला, २००३ मध्ये छापून आला. काहींची दर सहा महिन्यांनी एएफपी केली. गाठी लवकर सापडल्या, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग उपयोग काय?

जयवंत_सोलापूर

तर्कट, खोट्या दिलाशाबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या काकांना वीस वर्षांचा मधुमेह, पोट सुटलेलं, आयुष्यात दारूचा थेंब नाही. तपासणीत एएफपी ४. सगळे खूश. पुढच्याच वर्षी पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तेव्हा यकृतात मोठी गाठ दिसली. त्या वेळीही एएफपी नॉर्मलच होती. फॅटी लिव्हरकडे कुणी कधी गंभीरपणे पाहिलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये 'ग्रेड २ फॅटी' लिहिलेलं असायचं आणि सगळे म्हणायचे, हे तर सगळ्यांनाच असतं.

निशिगंध

मी पोटविकार आणि यकृताचा डॉक्टर आहे. भाऊ समोर नसल्यामुळे इथे सल्ला देता येणार नाही, पण धाग्याचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून लांब लिहितो.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पावसाचा अंदाज वेगळा आणि अंगणात पडलेला पाऊस वेगळा. काही चाचण्या 'या माणसाला पुढे कर्करोग होण्याची शक्यता किती' हे सांगतात. काही चाचण्या 'गाठ आत्ता आहे का' हे शोधतात. एएफपी मुख्यतः दुसऱ्या गटातली आहे, आणि त्या गटातही ती अपुरी आहे. जयवंत यांच्या काकांसारखी उदाहरणं आम्ही नेहमी पाहतो, लहान गाठींपैकी बऱ्याच एएफपी सोडतच नाहीत.

धोका सांगणारी सगळ्यात ताकदवान रक्तचाचणी विचाराल तर ती पॅकेजमधली महागडी चाचणी नाही, ती आहे एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी आहे की नाही हे पाहणारी साधी, स्वस्त चाचणी. १९८१ मध्ये तैवानच्या २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची ही चाचणी पॉझिटिव्ह होती त्यांना यकृत-कर्करोगाचा धोका इतरांच्या २०० पटींहून जास्त निघाला. वैद्यकात इतका मोठा फरक क्वचित दिसतो.

दुसरी पायरी विषाणूचं प्रमाण, म्हणजे एचबीव्ही डीएनए. पुन्हा तैवानच. तिथल्या ३,६५३ बाधितांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २००६ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या रक्तात विषाणू जवळजवळ नव्हता त्यांच्यातल्या १.३ टक्के लोकांना पुढे कर्करोग झाला. ज्यांच्यात तो दर मिलिलीटरला दहा लाख प्रतींच्या वर होता, त्यांच्यात १४.९ टक्के.

तिसरी गोष्ट यकृत किती कडक झालंय, म्हणजे फायब्रोसिस आणि सिरॉसिस. त्याचा सुगावा साध्या हिमोग्रॅममधल्या प्लेटलेटवरून लागतो. यकृत कडक झालं की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट कमी होऊ लागतात. मृण्मयीताई, तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्ये माझं लक्ष एएफपीकडे नाही, १ लाख ४० हजार या आकड्याकडे गेलं.

तर्कट, चीतोंगचा प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात. पण शांघायमध्ये जवळजवळ १९ हजार लोकांवर दुसरा प्रयोग झाला, त्यात दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी दोन्ही केल्या. यकृत-कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. त्याच्या पद्धतीवर टीका झाली आहे, हे मान्य. पण सोनोग्राफीची जोड आणि गाठ सापडल्यावर मिळणारे उपचार, यामुळे चित्र बदलतं.

तर्कट

डॉक्टर, शांघायच्या प्रयोगात ठरलेल्या तपासण्यांपैकी जवळपास चाळीस टक्के झाल्याच नव्हत्या, तरी इतका फायदा कसा, हा प्रश्न मला अजून पडतो. पण बाधितांसाठी सोनोग्राफी जोडायची, एवढं पटतं. माझा आक्षेप सरसकट सगळ्यांची एएफपी करण्याला आहे आणि तो कायम आहे.

निशिगंध

त्या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. धोका नसलेल्या माणसाने एएफपी करू नये.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही. मृण्मयी यांनी दिलेल्या आकड्यांवरून दोन हिशेब करून पाहिले.

पहिला फिब-४, यकृत किती कडक झालं असेल याचा अंदाज. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ५२ × ५८ = ३०१६. ६४ चं वर्गमूळ ८, ८ × १४० = ११२०. भागाकार सुमारे २.६९. फॅटी लिव्हरसाठी १.३ च्या खाली दिलासा आणि २.६७ च्या वर पुढची तपासणी, अशा मर्यादा वापरतात.

दुसरा पेज-बी, हिपॅटायटिस बी मध्ये पुढे कर्करोग होण्याच्या धोक्याचे गुण. यात फक्त वय, लिंग आणि प्लेटलेट. ५० ते ५९ वयाचे ६ गुण, पुरुष म्हणून ६, प्लेटलेट एक ते दोन लाखांच्या मध्ये म्हणून ६. एकूण १८. नऊपर्यंत कमी धोका, १८ आणि वर जास्त. मूळ अभ्यासात जास्त धोक्याच्या गटात पाच वर्षांत १६-१७ टक्के लोकांना कर्करोग झाला, कमी धोक्याच्या गटात कुणालाच नाही.

डॉक्टर, हे बरोबर आहे का? एकही महागडी चाचणी न करता एवढं कळत असेल तर मला ते फार विलक्षण वाटतं.

निशिगंध

हिशेब अचूक आहे. दोन सूचना. पेज-बी युरोपातल्या, आधीच औषध चालू असलेल्या रुग्णांवर बेतलेला आहे. भावाचं औषध अजून सुरू नाही, म्हणून १७ टक्के हा आकडा जसाच्या तसा त्यांना लावू नका. कोरियातल्या संशोधकांनी त्यात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा घालून आशियाई लोकांसाठी सुधारित रूप केलं आहे. आणि फिब-४ हिपॅटायटिस बी मध्ये थोडा कमी भरवशाचा. म्हणून पुढची पायरी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि एचबीव्ही डीएनए. तज्ज्ञांना विचारायचे पहिले दोन प्रश्न हेच.

मृण्मयी_क

खूप आभार, दोन्ही प्रश्न वहीत लिहिले. प्लेटलेटबद्दल आजवर एकानेही काही सांगितलं नव्हतं. त्याच्या जुन्या फायली काढल्या, तर तीन वर्षांपूर्वी १ लाख ९० हजार होत्या.

काचपट्टी

म्हणूनच जुने रिपोर्ट टाकू नयेत. एएफपीचंही तसंच. एकदा आलेल्या १४ पेक्षा ६, १०, १४, २२ अशी चढण जास्त बोलते. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे थोडे वेगळे येतात.

रानजाई

आमच्या गावाकडे कावीळ झाली की माळ घालतात. डोक्यावर ठेवलेली माळ हळूहळू लांब होत खाली उतरते आणि कावीळ 'उतरली' म्हणतात. माझ्या मावसभावाला झाली तेव्हा माळ घातली, पंधरा दिवसांत बरा. रक्त तपासलंच नाही. आता हा धागा वाचून वाटतंय, ती कुठली कावीळ होती?

निशिगंध

रानजाई, फार मोलाचा मुद्दा काढलात. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते. ती माळेनेही बरी होते, उसाच्या रसानेही आणि काहीही न करताही. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर मात्र ती जिवावर बेतू शकते. बी आणि सी रक्तातून येतात. त्या वर्षानुवर्षं शरीरात राहू शकतात आणि तेव्हा डोळे पिवळे होतीलच असं नाही. म्हणून कावीळ 'उतरली' तरी एकदा एचबीएसएजी आणि सी ची चाचणी करून घ्यावी. मावसभावाला सांगा.

वैद्यकट्टा

कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा, गुळवेल ही यकृतासाठी शतकानुशतकं वापरली जातात. इथे सगळे डीएनए आणि स्कॅनबद्दल बोलत आहेत, या औषधांचा उल्लेखही नाही याचं वाईट वाटलं. मृण्मयीताई, भावाला काढा सुरू करा, नुकसान तर काही नाही.

निशिगंध

नुकसान नाही, हे वाक्य मला मान्य नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेबद्दल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये शोधनिबंध लिहिला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगतो. पण ज्याच्या प्लेटलेट तीन वर्षांत १ लाख ९० हजारांवरून १ लाख ४० हजारांवर आल्या आहेत, त्याने निदान होईपर्यंत कुठलाही काढा स्वतःहून घेऊ नये. जे काही घेत असेल ते तज्ज्ञांना सांगावं. औषध द्यायचं ठरलंच तर टेनोफोविर किंवा एंटेकाविर विषाणूला दाबून ठेवतात आणि कर्करोगाचा धोका कमी करतात, याला भक्कम पुरावा आहे.

बाळासाहेब_चाकण

कॉफीने लिव्हरचा कॅन्सर कमी होतो असं वाचलं होतं. खरं का? आणि चहाचं काय? आमचा दिवसाचा चहा मोजला तर सगळा तालुका वाचायला हवा! 😄

निशिगंध

कॉफी पिणाऱ्यांमध्ये धोका कमी दिसतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आलं आहे. चहासाठी तसा पुरावा नाही, बाळासाहेब. साखर कमी केलीत तर फॅटी लिव्हरला मात्र नक्की मदत होईल.

मस्कतकर

विषयाला थोडं सोडून, पण लिहायलाच हवं. आखातात नोकरीला यायचं तर वैद्यकीय तपासणीत एचबीएसएजी असते. पॉझिटिव्ह आली की अनफिट, व्हिसा नाही. रत्नागिरीकडच्या माझ्या एका मित्राचं असं झालं. घरी परतला आणि कुणाला कारणही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. उपचार तर दूरच. ज्या चाचणीने त्याला सावध करायला हवं होतं तिने त्याला गप्प केलं. एजंटपासून दवाखान्यापर्यंत कुणीही 'आता पुढे कुठे जा' हे सांगितलं नाही.

जाईजुई

मस्कतकर, वाचून फार वाईट वाटलं. बायकोला सांगणं तर तिच्यासाठीच गरजेचं आहे, तिला लस घेता येईल ना!

निशिगंध

अगदी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका घरात राहिल्याने हा आजार पसरत नाही. रक्त, शरीरसंबंध, एकच ब्लेड किंवा टूथब्रश, आणि आईकडून जन्माच्या वेळी बाळाला, हे त्याचे मार्ग. मित्राला सांगा, २०१८ पासून हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. सरकारी केंद्रांत बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख बाधित होते. तो एकटा नाही.

ओसाकाहून_अमित

इथे जपानमध्ये बाधितांच्या तपासणीत एएफपीबरोबर एएफपी-एल३ आणि पिव्का-२ या गाठ शोधणाऱ्या आणखी दोन रक्तचाचण्याही विम्यातून होतात. सिरॉसिस असेल तर तीन-चार महिन्यांनी. तिन्ही आकडे, वय आणि लिंग एकत्र करून गॅलाड नावाचा गुणांक काढतात असंही वाचलं. आपल्याकडे हे मिळतं का?

काचपट्टी

मोठ्या लॅबमध्ये मिळतं, महाग आहे. पिव्काबद्दल एक इशारा: रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन गटातली गोळी चालू असेल तर पिव्का-२ प्रचंड वाढते, कारण ती गोळी के जीवनसत्त्वालाच अडवते. हृदयाची झडप बदललेल्या एका आजींचा पिव्काचा आकडा पाहून घरचे रडत आले होते. त्यांना कर्करोग नव्हता, ती गोळी चालू होती. के जीवनसत्त्व कमी असलं तरी तसंच होतं.

लातूरकर_पाटील

शेंगदाण्याचं काय? बुरशी आलेल्या दाण्यात विष असतं म्हणतात. आमच्याकडे घाणीवर कधी कधी काळे पडलेले दाणे पण जातात.

आकडेमोड

पाटील, ते अफ्लाटॉक्सिन. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती, ती तीव्र विषबाधा होती. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोगाचा धोका वाढतो, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर कित्येक पटींनी. गंमत म्हणजे तर्कट यांनी सांगितलेलं चीतोंग याच विषासाठीही ओळखलं जातं. ऐंशीच्या दशकात तिथले लोक मक्याऐवजी भात खाऊ लागले आणि पुढे यकृत-कर्करोगाचे मृत्यू घटले. तिथल्या संशोधकांनी रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेलं अफ्लाटॉक्सिन मोजूनच हे दाखवलं. तीही धोका सांगणारी रक्तचाचणीच, पण संशोधनापुरती.

काळे, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे निवडून फेका. भाजून हे विष पुरतं जात नाही.

लातूरकर_पाटील

बरं झालं सांगितलं. आता दाणे निवडल्याशिवाय घाणीवर देत नाही.

मृण्मयी_क

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, पण धागा सोडला नव्हता.

फायब्रोस्कॅन १३.५ आलं. डॉक्टरांच्या मते सिरॉसिसच्या उंबरठ्यावर. विषाणूचं प्रमाणही जास्त निघालं. सोनोग्राफीत गाठ नाही. एएफपी वाढलेली असल्यामुळे खात्रीसाठी एमआरआय केला, तोही स्वच्छ. टेनोफोविर सुरू झालं. परवाच्या तपासणीत एसजीपीटी ३१ आणि एएफपी ६.

भाऊ म्हणाला, "उतरली, आता सोनोग्राफी कशाला?" मी त्याला हा धागा वाचायला दिला. निशिगंध, त्याला तुम्हीच दोन ओळी लिहाल का?

निशिगंध

दादा, एएफपी उतरली याचा अर्थ यकृताची सूज उतरली. औषधाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. सिरॉसिस असलेल्यांच्या एकत्रित अभ्यासात सुरुवातीची गाठ नुसत्या सोनोग्राफीत ४५ टक्के वेळा सापडली, एएफपी जोडल्यावर ६३ टक्के. म्हणून दर सहा महिन्यांनी दोन्ही, न चुकता. एएफपी २० च्या वर गेली किंवा सतत चढत राहिली तर सीटी किंवा एमआरआय. गाठ दोन सेंटीमीटरची असताना सापडली तर ती काढता येते, जाळता येते. आणि गोळी मनाने बंद करू नका, अचानक बंद केली की विषाणू उसळतो.

मृण्मयी_क

वाचला त्याने. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे.

आणखी एक. आईला शेवटी सांगितलं, तिची आणि आम्हा भावंडांची चाचणी केली. आई पॉझिटिव्ह आहे, वय ७६. मी निगेटिव्ह, लस सुरू केली. माझ्या धाकट्या बहिणीचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिची मुलगी आता पहिलटकरीण आहे, सातवा महिना. तिची कधी तपासणी झाली होती का हे कुणालाच आठवत नाही.

निशिगंध

भाचीची गरोदरपणातली फाइल आजच काढा. नाव नोंदवलं तेव्हा एचबीएसएजी केलेली असायला हवी. नसेल तर उद्या करा. पॉझिटिव्ह आली तर लगेच विषाणूचं प्रमाण तपासा. ते दर मिलिलीटरला २ लाख युनिटच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून आईला टेनोफोविर देतात, म्हणजे वेळ थोडाच आहे. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं आणि तिथे आधी कळवून ठेवावं. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते इंजेक्शन दवाखान्यात शिल्लक आहे का हे आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. पुढचे डोस ठरल्या वेळी. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

तैवानने १९८४ मध्ये बाधित मातांच्या बाळांपासून लसीकरण सुरू केलं. दहा वर्षांत ६ ते १४ वयाच्या मुलांमधला यकृत-कर्करोग लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला.

भाचीचा रिपोर्ट आला की इथे लिहा, मी पाहतो.

मृण्मयी_क

फाइल सापडली. चाचणीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. उद्या सकाळी तिला घेऊन लॅबमध्ये जाते.